म्हाताऱ्याची सोडवणूक

ज्वारी आडवी पाडताना लव्वाली मध्येच थांबायचा. कुदळ तशीच हातात, मान उत्तरेकडे. काही ऐकू आलं नाही की पुन्हा वाकायचा. बांधापलीकडचा माणूसही थांबायचा, मग त्याच्याही पलीकडचा. कुणी कुणाला काही विचारत नसे. कुदळीची पाती पुन्हा ताटांच्या बुडख्यांत बसू लागली की सगळ्यांना कळायचं, अजून काही नाही.

गिदान तुदू गावात आता मोटारसायकल कुणाकडेच उरली नव्हती. काही रानातल्या बंदूकवाल्या लुटारूंनी नेल्या, उरलेल्या लोकांनी भीतीने विकून टाकल्या. त्यामुळे इंजिनाचा आवाज आला तर तो कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. पावसाळ्यात त्या आवाजाने शेजारची गावं एकेक करून उठून गेली होती. मोबाइलचा टॉवर बंद पडला होता. पीक मात्र चांगलं आलं होतं. कणसं मुठीत मावत नव्हती, आणि याचीच लोकांना जास्त धास्ती वाटत होती.

"बाबा, आज तुम्ही घरी थांबा," लव्वाली सकाळीच म्हणाला होता.

"घरी बसून काय कोंबड्या राखू?" म्हातारा तांको गोफणीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाला. "लांबच्या शेतातली ज्वारी अजून उभी आहे. लाल चोचीच्या चिमण्यांचा थवा बसला तर संध्याकाळपर्यंत कणसांच्या जागी नुसत्या काड्या राहतील. त्यांना सांगू का, लव्वाली घाबरलाय, चार दिवसांनी या?"

"ते शेत रानाच्या बाजूला आहे."

"मग माझा उजवा डोळा रानाच्या बाजूला ठेवतो. डाव्यानं तसंही काही दिसत नाही."

लव्वालीचा धाकटा भाऊ गादो हसला. तो गावराखणीत होता. गावठी बंदूक खांद्याला, दंडावर चामड्याचे ताईत.

"हसू नको," तांको म्हणाला. "शेकराऊ असता तर आत्तापर्यंत तुमचा एक बैल नेऊन लपवला असता त्यानं. गेल्या सुगीला तुझ्या दादाची कुदळ नेली होती."

"कोंबडी घेतल्याशिवाय परत दिली नाही घुबडानं," लव्वाली म्हणाला. शेकराऊ त्याचा आतेभाऊ. आते-मामेभावंडांनी एकमेकांना गुलाम म्हणायचं, हाताला लागेल ते पळवायचं आणि सोडवायला कोंबडी नि चघळायच्या कोलाच्या बिया मागायच्या, हे त्यांच्या आज्यांच्या आधीपासून चालत आलेलं. राग धरणाऱ्यालाच लोक हसत. "आता कुठला शेकराऊ? त्याचं तुंगार कूका ओस पडलं. शहरात हमाली करत असेल."

म्हातारा खोकला, थुंकला, आणि निळीत रंगवलेला जुना झगा कमरेला खोचून लांबच्या शेताकडे चालू लागला. चालताना त्याचा एक खांदा वर राहायचा.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा आवाज आला. एकच इंजिन, बारीक, वाऱ्याबरोबर कधी जवळ कधी लांब. सगळे शेतात जिथं होते तिथं पालथे पडले. लव्वालीच्या गालाखाली तुटलेलं ताट होतं, त्याचा गोडसर ओला वास नाकात जात होता. एक मुंगी ओठावर चढली. ती झटकायला त्याचा हात उठला नाही. शेजारी गादो बंदुकीवर छाती टाकून पडला होता आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होता. आवाज एका जागी थांबला. बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा सुरू झाला आणि पश्चिमेकडे विरत गेला.

"गेले," गादो म्हणाला.

लव्वाली उठला तेव्हा त्याला कळलं की त्याच्या विजारीचा पुढचा भाग ओला झालाय. गादोने ते पाहिलं आणि मान वळवली. लव्वालीने मूठभर माती घेऊन कापडावर चोळली, आणि मग तो लांबच्या शेताकडे पळत सुटला.

माचा रिकामा होता. खाली गोफण पडली होती, पाण्याचा भोपळा पालथा, आणि म्हाताऱ्याची एकच वहाण. टोपी माच्याच्या खांबाला अडकवलेली. जवळच वाळूत चाकाचा ठसा होता. नव्या टायरचा, दात खोल उमटलेले, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. मागच्या चाकाची रेघ पुढच्यापेक्षा खोल गेली होती. दोन माणसांचं वजन. लव्वालीने त्या रेघेत बोट घातलं आणि तिथंच बसून राहिला. त्याच्या डोक्यावर चिमण्यांचा थवा ज्वारीवर उतरत होता. कणसं फोडल्याचा बारीक कुरकुर आवाज सगळ्या शेतभर सुरू झाला.

गावात बातमी दोघा भावांच्या आधी पोचली. मुखियाच्या ओट्यावर माणसं जमली, पण लव्वाली आल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना जागा सुटली. शेजारचा इसाका, जो रोज त्याच्या भिंतीला आपली बोकडं बांधायचा, तो उठून गेला आणि बोकडं सोडून आपल्या अंगणात घेऊन गेला.

"आम्ही रात्र व्हायच्या आत जाऊ," गादो म्हणाला. "आठ-दहा बंदुका आहेत."

"आणि ते आले की?" मुखिया म्हणाला. "त्यांच्या बंदुका एका दमात किती झाडतात माहीत आहे ना? पोरा, तुझा बाप म्हातारा आहे. या गावात लेकरं आहेत."

"म्हणजे सोडून द्यायचा?"

"मी असं म्हणालो का?" मुखियाने जपमाळ बोटांत फिरवली. "मी म्हणतो, निरोप येतो. थांबायचं."

घरी लव्वालीची बायको देलू उखळीशी बसली होती. तिने मुसळ खाली ठेवलं नव्हतं. "अहो, मुखिया म्हणतो ते बरोबर आहे," ती म्हणाली. "नेलेल्या माणसाचा निरोप येतो. आजवर न आल्याचं ऐकलं नाही. उद्या, परवा. तोवर हलू नका."

"तोवर हा बसेल का?" लव्वालीने गादोकडे बोट दाखवलं. गादो दारापाशी बसून बंदुकीच्या नळीत दारू ठासत होता. "हा जाईल, एखादी गोळी झाडेल, आणि ते बाबांना तिथंच टाकतील. मला त्याच्या आधी पोचलं पाहिजे."

"कुठं पोचणार तुम्ही?"

"इलूकडे."

देलूने मुसळ खाली ठेवलं. "त्याच्याकडे जाऊ नका. त्याच्या दारात गेलेला माणूस त्याला माहीत होतो."

"तो सगळ्यांनाच माहीत आहे."

"तो आपल्याला माहीत असणं वेगळं. आपण त्याला माहीत असणं वेगळं, धनी."

तुवोचा, शिजवलेल्या ज्वारीच्या पिठाचा, गोळा लव्वालीपुढे तसाच गार होत गेला, वर साय धरल्यासारखी कातडी आली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजेनंतर त्याने गादोला खोलीत बोलावलं आणि बाहेरून कडी घातली. गादोने दारावर दोन लाथा मारल्या आणि मग तो आत रडू लागला.

बाजारगावात इलूचं दुकान म्हणजे पत्र्याची छपरी. मोटारसायकलवर बंदी असूनही त्याच्याकडे कधी काम कमी पडलं नव्हतं, आणि कुणाचं काम ते कुणी विचारत नव्हतं. तो थाळीत पेट्रोल घेऊन एक कारब्युरेटर धूत बसला होता. उंच, बारीक माणूस, आवाज अगदी मऊ.

"या लव्वाली मालक. चहा?"

"नको." लव्वाली उकिडवा बसला. "इलू, तू मोठा माणूस आहेस—"

"मी पंक्चर काढतो."

"माझ्या बाबांना नेलं काल."

इलूने कारब्युरेटरच्या छिद्रात फुंकर मारली आणि ते उजेडाकडे धरून पाहिलं. "वाईट झालं. कोण म्हातारे तुमचे?"

"तुला ओळख असेल तर... फक्त विचार. काय हवं ते विचार."

"मला कुणाची ओळख? पण समजा कुणी येणारं-जाणारं भेटलं, तर काय सांगू? रानात म्हातारे पुष्कळ असतील."

मग लव्वालीने सांगितलं. नाव तांको. निळीचा झगा, कोपरावर ठिगळ. डावा डोळा पांढरा. चालताना एक खांदा वर. खोकला, विशेषतः उठल्या-उठल्या. एक वहाण शेतातच राहिली, म्हणजे पाय अनवाणी. सांगताना त्याला वाटत होतं, आपण बाबांना एकेका तुकड्याने घरी आणतोय.

"घरात आणखी कोण?" इलूने विचारलं.

"बायको, लेकरं, भाऊ."

"तो गावराखणीतला? बंदूक आहे वाटतं त्याच्याकडे."

"गावठी आहे. दर खेपेला पेटत नाही." बोलून झाल्यावर लव्वालीने जीभ चावली.

"बैल?"

"एक जोडी."

"बसा तिकडं निंबाखाली," इलू म्हणाला. हात चिंधीला पुसून तो छपरीच्या मागे गेला आणि थोड्या वेळाने इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. पालथं पडण्यापासून लव्वालीने स्वतःला कसंबसं आवरलं. समोर भुईमुगाच्या ढेपा विकणाऱ्या बाईने त्याच्याकडे पाहिलं आणि टोपली उचलून ती दुसऱ्या झाडाखाली गेली.

दुपार कलली तेव्हा इलू परतला. गाडीवरून उतरताना त्याने चेहऱ्यावरची धूळ फडक्याने नीट पुसली.

"आहे," तो म्हणाला. "खूप खोकतोय. डावा डोळा पांढरा. एक पाय अनवाणी."

लव्वालीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "पाणी दिलं का त्यांना?"

"दिलं म्हणतात. दोन्ही बैल. मळलेली बाजरी, दोन गाढवांना पेलेल एवढी. उद्या दुपारच्या नमाजेनंतर कोरड्या नदीत, ताडांपाशी. एकच माणूस. भावाला आवर घाला."

"अल्ला तुझं भलं करो, इलू." लव्वालीने त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला. वाटभर त्याच्या कपाळाला पेट्रोलचा वास येत राहिला.

घरी येऊन त्याने गादोची कडी काढली आणि दोघांनी न बोलता कणगीचं गवताचं टोपण उतरवलं. मातीची कणगी दोन पुरुष उंच होती, दगडांवर उभी. लव्वाली शिडीने वर चढून आत उतरला आणि बाजरीच्या पेंढ्या वर देऊ लागला. गादो झेलत होता, देलू आणि शेजारच्या दोन विधवा काठ्यांनी कणसं झोडत होत्या. मदतीला तेवढ्याच आल्या होत्या. भुशाची धूळ नाकातोंडात जात होती, खाज मानेपासून कमरेपर्यंत उतरत होती. उत्तरेचा कोरडा वारा सुरू झाल्यापासून सगळ्यांचे ओठ फुटलेले. घाम त्यांवर आला की चुरचुरायचं. पेंढ्या कमी होत गेल्या तशी लव्वालीच्या पायाखालची जमीन खाली जात होती. शेवटी त्याचं डोकंही बाहेरून दिसेना, फक्त हात वर यायचा.

उन्हं उतरली तेव्हा विधवा घरी गेल्या आणि गादो बैलांना पाणी पाजायला विहिरीवर गेला. त्याच वेळी मागच्या ताटांच्या कुंपणाआडून हाक आली.

"देलू आक्का! ओ आक्का!"

देलू कुंपणापाशी गेली. पलीकडे फुलानी गुराख्यांतली दूधवाली पेंदो उभी होती, डोक्यावर दुधाचा भोपळा, अंग कुंपणाला चिकटवलेलं. पावसाळ्यापूर्वी ती रोज यायची. रानातल्यांची सोयरी म्हणून गावराखणीच्या पोरांनी तिला दगड मारल्यापासून आली नव्हती.

"पेंदो? अगं कुणी बघितलं तर—"

"म्हणून तर इथं उभी आहे. कालच येणार होते. तुझा तो धाकटा दीर नि त्याची पोरं वाटेवर बंदुका घेऊन उभी, गेले माघारी. आता तिन्हीसांज होत आली म्हणून नाल्यातून आले." ती दम खात होती. "एक निरोप आहे. तसाच्या तसा सांगायचा म्हणाला. तुझ्या धन्याला सांग, त्याच्या मालकांनी त्याचा म्हातारा उचललाय. मूठभर कोला नि तुरेवाली कोंबडी घेऊन ये आणि सोडव. कोंबडी बारकी निघाली तर म्हाताऱ्याला जात्यावर बसवू."

"कोण म्हणालं असं?"

"तो तुमचा दातपुढ्या. शेकराऊ. शेंगा काढायला आलाय तुंगार कूकाला, शहरातून कुणाची तरी गाडी घेऊन. म्हातारा मागं बसला होता नि पोरासारखा खिदळत होता. मला म्हणतो, लव्वालीचं तोंड कसं होतं ते बघून ये आणि मला सांग."

देलूच्या तोंडून हसू फुटलं. तिने तोंडावर पदर दाबला तरी ते थांबेना. खांदे हलत राहिले, डोळ्यांत पाणी आलं, ती कुंपणाला धरून खाली बसली. "अगं बाई. अगं बाई गं." पेंदोही हसू लागली. मग देलूची नजर कणगीकडे गेली. कणगीच्या तोंडातून अजून धूळ वर येत होती. तिचं हसू तिथंच संपलं.

"जा तू," ती पेंदोला म्हणाली. "नाल्यातूनच जा. थांबू नको."

कणगीतून लव्वालीचा आवाज आला, मातीच्या भिंतींमुळे घुमल्यासारखा. "काय म्हणत होती ती?"

देलूने भिंतीला तोंड लावून सगळं सांगितलं. आतल्या पेंढ्यांची हालचाल थांबली.

"अहो?"

"मग इलूनं कुणाचा खोकला ऐकला?" लव्वाली आतून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत शेकराऊ म्हाताऱ्याला घेऊन आला. गावाच्या अलीकडेच गाडी बंद करून त्याने ती ढकलत नाल्यात लपवली होती, तेवढी अक्कल त्याला होती. दारातून मात्र तो ओरडतच शिरला.

"ए गुलामा! तुझा बाप परत घे! दोन दिवसांत माझ्या निम्म्या शेंगा खाल्ल्या यानं. कोंबडी राहू दे, मीच तुला दोन कोंबड्या देतो, पण याला ठेवून घे!"

"एवढा वेळ लावलास सोडवायला?" मागून म्हातारा म्हणाला. "एवढीच किंमत बापाची? मी तर म्हटलं, पोरगा रात्रीच कोंबडी काखेत मारून..." त्याला अंगणातली पोती दिसली. कणगीचं टोपण खाली पडलेलं, बैलांच्या गळ्यात नवी दावी. "हे काय? बाजाराला निघालात?"

लव्वाली उठला. तो बापाच्या जवळ गेला, खाली बसला, शेतातून आणलेली वहाण त्याने त्याच्या अनवाणी पायात सरकवली आणि पाय दोन्ही हातांत धरून ठेवला.

"अरे काय झालं?" तांको म्हणाला. "अरे चेष्टा होती."

गादोने सांगितलं. सांगता-सांगता त्याचा आवाज चढत गेला. "पण आता काय? बाबा इथं आहेत. त्यांच्याकडे कोण आहे? कुणीच नाही. मग द्यायचं कशाबद्दल? नाही द्यायचं!"

"मी इलूला बैल सांगितले," लव्वाली खालीच बसून म्हणाला. "तुझी बंदूक पेटत नाही ते सांगितलं. बाबा कसे चालतात ते सांगितलं. नाही दिलं तर ते इथं येतील, आणि त्यांना विचारत बसावं लागणार नाही की घर कुठलं."

शेकराऊच्या तोंडावरचं हसू कुठं ठेवावं ते त्याला कळत नव्हतं. पुढे आलेले दात ओठांत झाकायची तो धडपड करत होता.

"एवढं सगळं चाललंय," लव्वाली त्याला म्हणाला. "इंजिनाचा आवाज आला की माणसं मुततात इथं. आणि तुला चेष्टा सुचली?"

"तुला कळलं असतं की मीच म्हणून. टोपी खांबाला अडकवली ना मी. दर वेळी अडकवतो."

"मी चाक बघत होतो."

शेकराऊ अंगणातल्या एका पोत्यावर टेकला. "शहरात ज्याच्या ओट्यावर झोपतो ना, तो फार चांगला माणूस आहे. बसा म्हणतो, जेवा म्हणतो. सगळेच तसे. किती महिने झाले, मला कुणी शिवी दिली नाही. शेत गेलं, शेरडं गेली, घराचं छप्पर जाळलं. म्हटलं, माझा मामेभाऊ तरी अजून..." तो थांबला. "मी नेतो ते सगळं. चूक माझी आहे."

"मी जातो," तांको मध्येच म्हणाला. "मला बघतील, म्हणतील, हा तर सुटलाय—"

"बाबा, तुम्ही कुणाला दिसायचं नाही," लव्वाली म्हणाला. "तुम्ही अजून रानात आहात."

त्यांनी म्हाताऱ्याला शिडीवर चढवलं आणि रिकाम्या कणगीत उतरवलं. एवढा बोलका माणूस, पण खाली उतरताना नुसता हाताने शिडीच्या पायऱ्या शोधत राहिला. देलूने पाण्याचा भोपळा दोरीने सोडला. गादोने टोपण वर चढवलं.

दुपारची बांग झाली. शेकराऊने गाढवांवरची पोती तपासली, बैलांची दावी हातात गुंडाळली.

"तुझ्यापेक्षा हे बैल हुशार दिसतात," तो लव्वालीला म्हणाला. "कुठं जायचं विचारत तरी नाहीत."

"सांभाळून जा," लव्वाली म्हणाला.

"हे काय? सांभाळून म्हणे. शिवी दे की."

लव्वालीने तोंड उघडलं. मग त्याने गाढवावरच्या पोत्याची गाठ आवळली. शेकराऊ थोडा वेळ वाट बघत उभा राहिला आणि मग बैलांना च्यक् च्यक् करत निघाला. टेकडी उतरेपर्यंत गाढवांच्या खुरांची धूळ दिसत होती.

मग वाट पाहणं. गादो बंदूक मांडीवर घेऊन दाराच्या आड बसला. लव्वालीने नमाज पढली, पुन्हा पढली, मधल्या ओळी विसरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. कणगीतून म्हाताऱ्याचा खोकला ऐकू येत होता. आत भुशाची धूळ होती, तिने खोकला वाढला होता. इसाका भिंतीपलीकडे वावरत होता आणि मध्येच पावलं थांबत होती. देलूने ते ऐकलं. तिने उखळ कणगीजवळ ओढली आणि मुसळ घालू लागली. उखळीत काहीच नव्हतं. रिकाम्या लाकडावर लाकूड आपटत राहिलं. खोकला आला की ती जोरात घालायची. तिच्या तळहातांना फोड आले, ते फुटले, मुसळाचा दांडा ओला झाला, तरी तिने ते खाली ठेवलं नाही.

उत्तरेकडून इंजिनांचा आवाज आला. एक नव्हे, पुष्कळ. शेतांवर कुदळी थांबल्या असतील. मग आवाज गेला. गोळीचा आवाज आला नाही, किंवा आला असेल तर मुसळात बुडाला.

सूर्य बाभळींना टेकला तेव्हा शेकराऊ आला. पायी. गाढवं नव्हती, वहाणा नव्हत्या. अंगाला कुठं लागलेलं नव्हतं, झगा फक्त गुडघ्यांवर मातीने भरला होता. तो चटईच्या अगदी कडेला बसला. देलूने पाणी दिलं. ते त्याने दोन्ही हातांनी घेतलं आणि समोर धरून ठेवलं.

"काय रे गुलामा," लव्वाली म्हणाला. आवाज फाटत होता, पण त्याने तो ओढून वर आणला. "माझे बैल विकून खाल्लेस काय?"

"नाही दादा. पोचवले."

शेकराऊच्या तोंडून दादा असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. गादोने मान वर केली.

"काही विचारलं का त्यांनी?"

"म्हातारा कुठाय, विचारलं. मी म्हटलं, तुमच्याकडे. ते हसले. म्हणाले, आमच्याकडे नाहीच, आम्हाला माहीत आहे, आता खरं सांग. सांगितलं मग." तो पाण्याकडे बघून बोलत होता. "त्यांना आवडलं. पुढच्याने मागच्यांना बोलावलं, म्हणाला, हे ऐका. पुन्हा सांगितलं. मग गुडघ्यावर बसून सांग म्हणाले. सगळ्यांनी वर्तुळ केलं. पोरं आहेत हो ती. मिशा फुटल्या नाहीत काहींना. कोंबडीचं आलं की फार हसायचे. तेवढंच परत सांग म्हणायचे."

"किती वेळा?"

"माहीत नाही. म्हणाले, पुढच्या सुगीला पण ये. बैल आण नि नवीन काहीतरी आण."

लव्वाली एकदम उठून त्याच्यासमोर उभा राहिला. "अरे घुबडतोंड्या," तो म्हणाला. "अरे दातपुढ्या, शेंगाचोरा, तुझ्या सगळ्या घराला आम्ही एका सूपभर मिठाला विकत घेतलंय! माझ्या चटईवर बसायची तुझी लायकी आहे का रे? ऊठ!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ऊठ म्हणतो ना!"

शेकराऊ लगेच उठला. चटईवरची धूळ त्याने हाताने झाडली.

"बसा दादा," तो म्हणाला. "तुम्ही बसा."

आणि तो बाजूच्या उघड्या जमिनीवर जाऊन बसला.

कणगीत खोकला आला आणि त्यामागून म्हाताऱ्याचा आवाज. "आला का तो? ए शेकराऊ! ए गुलामा! या कोंबड्यांना माझी आठवण नाही, तू तरी मला बाहेर काढ!"

"हो मामा," शेकराऊ म्हणाला. टोपण उतरवून तो शिडीने आत गेला, म्हाताऱ्याला काखेत धरून वर आणलं, खाली उभं केलं, त्याच्या झग्यावरचा भुसा झटकला. म्हातारा त्याच्या तोंडाकडे बघत होता, उजव्या डोळ्याने, वाट पाहत. शेकराऊने मान खाली घातली होती, मशिदीत मौलवींपुढे घालतात तशी, आणि ती त्याने वर केली नाही.